पाच एमबीची घोणस

बोरुडे सरांना कुलूप लावता येत नसे. हात धड, डोळे धड, पण किल्ली फिरवायची म्हटलं की माणूस असा काही कसनुसा व्हायचा की बघणाऱ्यालाच लाज वाटावी. त्यांचं गाव शनिशिंगणापूर. तिथल्या घरांना दारं नसतात हे सगळ्यांना ठाऊक असतं, लोक गाडीतून उतरून फोटो काढून जातात. पण तशा घरात लहानाचा मोठा झालेला माणूस नोकरीसाठी अकोले तालुक्याच्या डोंगरात, राजूरला, येऊन राहिला की त्याच्या शेजाऱ्यांचं काय होतं हे कुणी विचारत नाही. ते मी भोगलंय.

आमच्या ज्युनिअर कॉलेजात मी जीवशास्त्र शिकवायचे आणि सर संगणक. माझी प्रयोगशाळा आणि त्यांची लॅब यांच्यामध्ये एकच भिंत. माझ्या दाराला दोन कुलपं, कारण आतल्या सूक्ष्मदर्शकांवर माझा जीव. त्यांच्या दाराचं कुलूप खिळ्याला टांगलेलं आणि किल्ली त्याच कुलपात. प्राचार्यांनी लेखी समज दिली, ती सरांनी वाचून खिशात घातली आणि म्हणाले, "साहेब, कुलूप लावलं की चोराला कळतं आत कायतरी हाय." बोरुडे सरांशी वाद घालणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं, हे आम्ही सगळेच हळूहळू शिकलो.

मोटरसायकलची किल्लीही गाडीलाच. एका बाजारच्या दिवशी गाडी गायब झाली. मी म्हटलं, आता तरी या माणसाचे डोळे उघडतील. संध्याकाळी गाडी परत जागेवर उभी, वर पेट्रोल भरलेलं आणि हँडलला शेवग्याच्या शेंगांची जुडी अडकवलेली. कोण घेऊन गेलं, कशाला गेलं, कधी कळलं नाही. सरांनी त्यातल्या अर्ध्या शेंगा माझ्या टेबलावर आणून ठेवल्या. "घ्या, कुलूपवाल्या मॅडम. ज्याला नड असती तो नेतो, नड सरली की आणून ठेवतो. तुमच्या पुस्तकात न्हाई हे." पुढे महिनाभर हे त्यांनी शिपायापासून संस्थेच्या अध्यक्षांपर्यंत सगळ्यांना ऐकवलं. असा अनुभव माणसाला एकदा आला की त्याला शहाणपण सांगायची सोय राहत नाही.

दिसायला उंच, रंगानं काळे, आवाज असा की माझ्या वर्गात पेशीविभाजन चाललेलं असताना मुलं भिंतीपलीकडचे मेगाबाइट लिहून घ्यायची. गळ्यात दोरीला ओवलेले दोन पेन ड्राइव्ह. आणि स्वतःविषयीचं मत काही कमी नव्हतं. "या तालुक्यात इंटरनेट कळणारी माणसं दीड," ते म्हणायचे. "एक मी, अर्धा टॉवरवाला."

पण शिकवायचे मात्र असे, की मला हेवा वाटायचा. डोंगरातल्या वाड्यांवरून चालत येणारी मुलं, घरात टीव्ही असला तर असला. त्यांना बिट, बाइट, किलोबाइट हे घोकायला लावण्यात अर्थ नाही हे सरांनी पहिल्याच वर्षी ओळखलं. मग त्यांनी सगळं पाण्यात उतरवलं. बिट म्हणजे एक चूळ. आठ चुळांचा एक तांब्या, तो बाइट. हजार तांबे ओतले की घरावरची काळी टाकी भरते, तो केबी. तशा हजार टाक्यांचं एक शेततळं, तो एमबी. हजार शेततळ्यांचा लघु पाटबंधाऱ्याचा तलाव, तो जीबी. आणि टीबी म्हणजे भंडारदरा आणि मुळा, दोन्ही धरणं काठोकाठ भरली तर. मी एकदा भिंतीपलीकडून हे ऐकून कागदावर गणित करून पाहिलं, तांब्या लिटरचा धरला तर बऱ्यापैकी जुळत होतं. मला रागच आला थोडा.

"सर, पण हजार का एक हजार चोवीस?" मंगलनं विचारलं होतं. मंगल म्हणजे धरणापलीकडच्या वाडीवरून येणारी मुलगी, पहिल्या बाकावर बसायची आणि प्रश्न विचारताना उभं राहायला विसरायची.

"शेंगा मापून देताना मापावर मूठभर वर टाकतो ना आपण? मशीन ती मूठ धरून मोजतं. दुकानदार मूठ देत न्हाई. म्हणून सोळा जीबीचा पेन ड्राइव्ह घरी नेला की पंधराच्या आत भरतो. फसवलं न्हाई त्यानं. मूठ ठेवून घेतली."

इंटरनेट कंपनीवाल्यांवर त्यांचा दात होता. ते मेगाबिट विकतात आणि गिऱ्हाईक मेगाबाइट समजतं. तो चुळा मोजून देतो आणि आपण तांबे समजून घेतो, असं ते चिडून सांगायचे. आणि वेबसाईटचं होस्टिंग, म्हणजे साईट भाड्याच्या मशीनवर ठेवणं, शिकवायचे तेव्हा तीन गोष्टी फळ्यावर लिहून त्याखाली खडू मोडेस्तोवर रेघा ओढायचे. टाकी किती मोठी, ही एक. पाईप किती जाड, ही दुसरी. आणि महिन्याभरात मीटरमधून किती पाणी गेलं, ही तिसरी. "टाकी भरलेली असंल, पाईप हाताएवढा जाड असंल, पण महिन्याचा कोटा संपला की नळ कोरडा. मग वर टाकीत कितीबी पाणी असू द्या, तुम्ही तहानलेलेच. ही तिसरी गोष्ट माणसं इसरतात, आणि तिथंच मरतात." हे वाक्य ते दरवर्षी म्हणायचे. मुलं हसायची.

त्याच तासाला आणखी एक ताकीद असायची. फोटो लहान केल्याशिवाय साईटवर चढवायचा नाही. जो पाच एमबीचा फोटो तसाच चढवील त्याच्या घरी सर जेवायला जाणार आणि ताटावर बसून त्याच्या आईला सगळं सांगणार. मंगल म्हणाली होती, "या की सर, आई नागलीची भाकर करील." वर्ग खदखदून हसला होता.

तर असा हा माणूस. आता साईटचं सांगते.

आमच्याकडे पावसाळा म्हणजे भाताची आवणी, गवत आणि साप. सर कोरड्या मुलखातले, त्यांना ह्याची सवय नव्हती. एका पावसाळ्यात आमच्या शिपायाच्या मेहुण्याला साप चावला. घरच्यांनी त्याला जवळच्या आरोग्य केंद्रात नेलं, तिथली लस आदल्या दिवशीच्या पेशंटला लागून गेलेली. दुसरीकडे नेलं, तिथंही तेच. तिसऱ्या ठिकाणी मिळाली. माणूस वाचला, पण हाताची दोन बोटं गेली. स्टाफरूममध्ये आम्ही सगळ्यांनी हळहळून चहा घेतला. सर चहाला हात न लावता बसून होते. "लस होती," ते म्हणाले. "जागेवर होती. कुठं हाय एवढंच माहीत नव्हतं." आणि उठून गेले.

आठवड्याभरात साईट तयार. रोज सकाळी आंघोळ झाली की सर आसपासच्या सगळ्या केंद्रांना फोन लावायचे, औषधं सांभाळणाऱ्या माणसाला विचारायचे आणि साईटवर लिहायचे, आज सापाची लस कुठं आहे, कुठं संपली. घाटाकडे आहे. धरणाकडे संपली. राजूरला आहे. दिवाळी असो, ताप असो, त्यांनी हे चुकवलं नाही. सुरुवातीला लोक साईट न बघता केंद्रात फोन करायचे, आणि तिथली माणसं दिवसभर फोन उचलून कावायची. मग सरांनी प्रत्येक वर्गात जाऊन दम भरला, "फोन करायचा न्हाई. साईट बघायची. साईट कधी झोपत न्हाई." प्रत्येक मुलाच्या मोबाईलवर समोरच ते पान ठेवायला लावलं. गावागावांतून मुलांनी ते घरी पोचवलं. दोन-तीन वर्षांत असं झालं की साप चावला की आधी देवाचं नाव आणि मग बोरुडे सरांची साईट. मला त्यांचा अभिमान वाटायचा. तोंडावर कधी सांगितलं नाही, कारण ते आधीच पुरेसे फुगलेले होते.

मग ती घोणस आली. कॉलेजच्या मागं लाकडं रचलेली होती, त्यांच्यावर ऊन खात पडलेली. अंगठ्याएवढे तपकिरी गोल अंगभर, साखळी ओवल्यासारखे. मी मुलांना लांब उभं करून वनखात्याच्या माणसाला बोलावलं. सर मात्र नवा कॅमेरा घेऊन चिखलात पोटावर आडवे. फोटो इतका सुरेख आला की मी स्वतः तो वर्गात लावायला मागितला. एकेक खवला मोजून घ्यावा.

सरांनी तो साईटवर चढवला. तसाच. पाच एमबीचा.

"सर, लहान नाही केलात?" मी विचारलं. रोज भिंतीतून ऐकून ऐकून मलाही एवढं कळायला लागलं होतं.

"लहान केला की खवलं जातात, मॅडम. माणसाला साप वळखू आला पायजे."

"ओळखायची गरजच काय? आपल्याकडे चारही मोठ्या विषारी सापांना एकच लस. डॉक्टर साप विचारतात कुठं, लक्षणं बघतात."

"तुमचं जीवशास्त्र तुमच्यापाशी," ते म्हणाले. मुळात त्यांना तो फोटो कापवेना, एवढंच होतं. लाडक्या लेकराचे केस कापायला कुणी धजत नाही तसं.

काही महिन्यांनी ते हसत हसत माझ्याकडे आले. घोणस फेमस झाली होती. कुठल्या कुठल्या परगावच्या साईटवाल्यांनी तो फोटो आपल्या पानावर लावला होता, आणि तोही उतरवून न घेता. नुसता सरांच्या फोटोचा पत्ता आपल्या पानात लिहून ठेवलेला. म्हणजे पान त्यांचं, पण फोटो दर वेळी निघणार सरांच्या टाकीतून. बघणारा पाटण्यात बसलेला असो नाही तर कुठं, कोटा जळणार राजूरचा. हे सगळं सरांनी मला स्वतःच समजावून सांगितलं, तांब्या-टाकीसकट, कौतुकानं.

"मग बंद करा की," मी म्हटलं. "करता येत नाही का?"

"येतं की. दोन ओळी लिहिल्या की झालं. बाहेरच्यानं मागितला की फोटो द्यायचाच न्हाई, असं करता येतं."

"मग?"

"मग कशाला, मॅडम? बघतेत तर बघू द्या. कुणाला सापाची वळख पटली तर आपलं काय जातंय? कोटा उरतोच दर महिन्याला. आपल्या हिरीचं पाणी कुणी पिलं म्हणून आपण रहाटाला कुलूप घालतो का?"

खरं सांगायचं तर त्यांचं ते बोलणं मला आवडलं. असं बोलणारी माणसं आता राहिली कुठं, असं वाटलं.

त्या वर्षी नागपंचमीला सर बहिणीकडे गावी गेले होते. तुम्हाला ते शुभेच्छांचे मेसेज माहीत असतील. सणाच्या दिवशी मोबाईलवर एक निळी ओळ येते, तिच्यावर बोट ठेवलं की पान उघडतं, वर चित्र, खाली फुलं पडतायत, आणि आपलं नाव टाकून पुढं पाठवा म्हणतात. तसलं एक नागपंचमीचं पान कुणीतरी बनवलं. चित्र पाहिजे सापाचं. त्यानं शोधलं, त्याला सापडली आमची घोणस. नाग आणि घोणस यांतला फरकही त्या शहाण्याला ठाऊक नव्हता. पान फिरत राहिलं आणि ज्यानं ज्यानं बोट लावलं त्याला त्याला आमच्या साईटनं पाच एमबीची घोणस काढून दिली, पाटावर बसवून वाढावी तशी. मलाही तो मेसेज आला होता. मी सणावारी असले मेसेज उघडत नाही.

होस्टिंगवाल्यांनी सरांना मेल पाठवला, की कोटा संपत आला आहे. सर तेव्हा एसटीत होते. त्यांनी तो पाहिला. महिना संपायला थोडेच दिवस राहिलेत, पुरेल, उद्या बघू, असं त्यांना वाटलं. दुसऱ्या दिवशी राजूरला येऊन सकाळी त्यांनी नेहमीसारखे फोन लावले आणि साईटवर लिहिलं, धरणाकडे संपली, राजूरला आहे. उघडून पाहिलं, उघडलं. कॉलेजात आले. पहिला तास घेतला. त्या तासात कधीतरी कोटा संपला.

पंचमीला आमच्याकडे विळा हातात घेत नाहीत. मंगलच्या आईनंही घेतला नव्हता, त्यामुळे दुसऱ्या दिवशी जनावरांना गवत नव्हतं, आणि ती जरा लवकरच बांधावर गेली. घोणस चावली पायाला. तिनं स्वतः पाहिली.

वाडीवर मोबाईलची रेंज नाही. मंगल धावत टेपाडावर चढली. फोन करायचा नाही, साईट बघायची, हे तिला शिकवलेलं. तिनं साईट लावली. पांढऱ्या पानावर इंग्रजीत एकच ओळ आली, बँडविड्थ संपली आहे, म्हणजे महिन्याचा कोटा संपला. तिनं परत लावली. परत तेच. ती ओळ त्या टेपाडावर वाचून जिला अर्थ कळला अशी ती एकटीच असेल आमच्या डोंगरात. तिनं केंद्राला फोन लावायचा प्रयत्न केला, तो लागला नाही. सरांना लावला, सर तासावर होते आणि तासाला ते मोबाईल बंद ठेवायचे. खाली जीप उभी, माणसं ओरडतायत, कुठं न्यायचं. जवळचं ते धरणाकडचं केंद्र. तिकडे नेलं. तिथली लस संपली होती. तिथून फिरून राजूरला आणेपर्यंत दुपार झाली. लस दिली, पण लघवीतून रक्त जायला लागलं होतं. मग संगमनेरला न्यायचं ठरलं आणि मंगलची आई वाटेतच गेली.

लवकर मिळती तर वाचती का? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. मी जीवशास्त्र शिकवते. घोणसेचं विष अंगात किती वेळ मोकळं फिरलं याला किंमत असते, हे मला माहीत आहे. सरांनाही माहीत होतं, कारण मीच त्यांना सांगितलं होतं.

ती गेल्याचं सरांनी कसं ऐकलं, ते मी पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी पाहिलं ते असं: दहा वाजता भिंतीपलीकडे काही आवाज नाही. मी दारातून डोकावले. वर्ग भरलेला, मुलं खाली मान घालून बसलेली, आणि सर फळ्यावर गणित लिहीत होते. महिन्याचा कोटा शंभर जीबी. एक फोटो पाच एमबी. भागाकार. वीस हजार. वीस हजार लोकांनी घोणस बघितली की नळ कोरडा. त्याखाली त्यांनी लिहिलं, लहान केला असता तर फोटो पन्नास केबी. परत भागाकार. वीस लाख. मग लिहिलं, नुसता मजकूर दोन केबी. तिथं ते थांबले. हातातला खडू फळ्याला टेकलेलाच. मी आत जाऊन मुलांना सोडलं.

साईट त्यांनी त्याच दिवशी बदलली. फोटो सगळे काढले. बाहेरच्याला काही द्यायचं नाही, त्या दोन ओळी लिहिल्या. स्टाफरूममध्ये आमचे एक सहकारी म्हणाले, "बैल गेला अन् झोपा केला." हळू म्हणाले, पण सरांना ऐकू गेलं. मी त्या माणसाशी त्यानंतर बोलणं सोडलं. संध्याकाळी सरांनी लॅबला कुलूप लावलं. पहिल्यांदा. लावून ओढून बघितलं, जिन्यापर्यंत गेले, परत येऊन ओढून बघितलं. मला ते बघवेना.

दिवस वगैरे झाल्यावर मंगलचे वडील, किसनभाऊ, कॉलेजात आले. बरोबर मंगल. किसनभाऊंच्या हातात तांदळाची पिशवी. घरच्या तांदळाची. मी आणि सर व्हरांड्यात उभे होतो. किसनभाऊंनी पिशवी सरांच्या पायाशी ठेवली.

"सर, तुमी लई केलं आमच्या डोंगरासाठी. मनाला लावून घेऊ नगा. यंत्र हाय, बंद पडतं. त्याला तुमी काय करनार?"

"बंद पडलं नव्हतं, भाऊ," सर म्हणाले.

"मंग?"

आणि या माणसानं, ज्यानं सगळ्या तालुक्याला तांब्या आणि टाकीवरून इंटरनेट शिकवलं, त्यानं बोलायला सुरुवात केली. टाकी म्हणाले. नळ म्हणाले. मीटर म्हणाले. लोकांनी फोटो बघितला म्हणाले. मध्येच अडले, परत टाकीपासून सुरू केलं. "माहिती होती, भाऊ. सकाळीच लिहिली हुती मी. राजूरला हाय म्हणून. जागेवर हुती. ती भाईर पडंना, कारण मी... मला दोन ओळी लिहायच्या हुत्या फक्त." त्यांना काहीही करून त्या माणसानं आपल्याला दोष द्यावा असं वाटत होतं. आणि किसनभाऊ भल्या माणसासारखे मान हलवत राहिले. "व्हय, व्हय. नशिबात नव्हतं तिच्या. तुमी कशाला?" मी आयुष्यात एवढं असहाय्य कुणाला पाहिलं नाही. दोष घ्यायला उभा असलेला माणूस, आणि दोष द्यायला समोर कुणी नाही.

समोर मंगल होती. ती इतका वेळ बापाच्या मागं उभी होती. तिला सगळं कळत होतं, सरांनीच शिकवलेलं होतं, आणि चांगलं शिकवलेलं होतं.

"सर," ती म्हणाली, "फोटो लहान का न्हाई केला?"

आवाज चढला नव्हता. वर्गात विचारायची तसंच तिनं विचारलं. किसनभाऊ तिला म्हणाले, "ए, सरांशी असं बोलत्यात का?"

"बोलू द्या," सर म्हणाले. मग मंगलकडे बघून म्हणाले, "मला तो आवडला हुता, बाळा. म्हणून."

मंगलनं मान हलवली. तिला पाहिजे होतं ते उत्तर मिळालं असावं. ती दोघं गेली. तांदळाची पिशवी तिथंच राहिली. सरांनी ती घरी नेली नाही आणि परतही केली नाही. शेवटी शिपायानं ती वसतिगृहात दिली.

मंगल बारावी झाली. नर्सिंगला गेली, संगमनेरला. सरांनी नोकरी मुदतीआधीच सोडली. आम्हाला वाटलं गावी जातील. बहीण न्यायला आली होती, दोन दिवस राहून रडून परत गेली. सर राजूरलाच राहिले. रोज सकाळी फोन, रोज साईट. साईट म्हणजे आता नुसतं पांढरं पान, वर तारीख, खाली दोन-तीन ओळी. शाळेतल्या पोरानं पाटीवर लिहावं तसं. पण कितीही नीट केलं तरी त्यांच्या मनाची खात्री पटत नसे. स्वतःच्या मोबाईलवर उघडलं तर विश्वास बसत नसे. म्हणून बाजारच्या दिवशी ते चौकात उभे राहायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवायचे. "दादा, जरा मोबाईल काढा. हे पान लावा. उघडलं का?" उघडलं म्हटलं की स्वतः डोकावून बघायचे, तारीख वाचायचे, मग पुढचा. सुरुवातीला लोक थांबायचे. मग वळसा घालून जायला लागले. पोरंटोरं नक्कल करायची. मी एकदा म्हटलं, "सर, पुरे आता." तर म्हणाले, "मॅडम, ज्याच्या मोबाईलवर बघितलं न्हाई, त्याच्याच मोबाईलवर उघडत नसलं तर?"

मागच्या श्रावणातली गोष्ट. पाऊस भुरभुरत होता. मी बाजारात कोथिंबीर निवडून घेत होते, आणि चार पावलांवर सर उभे. अंगावर जुना रेनकोट, दाढी वाढलेली, हात पसरून माणसं अडवत होते. आता ते माणसांच्या तोंडाकडे बघत नसत, हाताकडे बघत. ज्याच्या हातात मोबाईल दिसेल त्याला.

"ताई, जरा हे पान लावून दाखवता का?"

जिला म्हणाले ती थांबली. खांद्याला पिशवी, सुट्टीला घरी निघालेली. मी ओळखलं. सरांनी मान वर केलीच नव्हती.

मंगलनं काही न बोलता मोबाईल काढला. पान लावलं. मोबाईलवर पावसाचे थेंब पडत होते, ते तिनं ओढणीनं पुसले आणि सरांच्या डोळ्यांसमोर धरला.

"उघडलं, सर," ती म्हणाली.

तो आवाज ऐकून सरांनी वर बघितलं. बघतच राहिले. मंगलनं हात खाली घेतला नाही. त्यांना तारीख दिसली, ओळी दिसल्या, तरी तिनं मोबाईल तसाच धरून ठेवला. मग तिनं स्वतः मोठ्यानं वाचलं, बाजारात ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "घाटाकडे संपली. धरणाकडे आहे. राजूरला आहे."

सरांनी पसरलेले हात खाली घेतले.

"उद्या पण बघते," मंगल म्हणाली, आणि मोबाईल पिशवीत टाकून जीपकडे गेली.